अर्ध्या घोड्याची गोष्ट

लकडगंजच्या आरा मशीनींच्या मागे, जिथं दिवसभर भुसा उडायचा आणि माठातल्या पाण्यालाही सागवानाचा वास लागायचा, तिथं भीमाबाईचं घर होतं. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं एक ओटा. पण ओटा असा, की अख्ख्या गल्लीचा दरबार तिथंच भरायचा. दुपार कलली की शेजारपाजारच्या बाया आपापली सुपं घेऊन येत. सुपात जर्दा, कापून ठेवलेली तेंदूची पानं आणि धाग्याची रीळ. हात बिड्या वळायचे आणि तोंडं गल्लीतल्या यच्चयावत माणसांची मापं काढायची.

गोष्ट एकोणसत्तर-सत्तरची आहे. भीमाबाई तेव्हा तिशीच्या आतबाहेर. नवरा धोंडबा आरा मशीनवर कामाला. त्या घरघराटात राहून राहून त्याची बोलायची सवयच मोडली होती; घरात सासू-सुनेच्या मध्ये ही त्याची मोठीच सोय होती. सासू प्रयागबाई. बिडी अशी वळायची की ठेकेदार तिची सुपं न तपासता पुढं सरकवायचा, आणि जीभ अशी चालायची की तोच ठेकेदार तिच्यासमोर टोपी सावरत उभा राहायचा.

भीमाबाईला अक्षर येत नव्हतं. कुणी शिकवलंच नव्हतं, येणार कुठून? पण छप्पन साली दीक्षेच्या त्या दसऱ्याला ती पांढरं लुगडं नेसून, पायी चालत मैदानावर गेली होती. नवं लग्न झालेलं, पोटी लेकरू नाही. तरी त्या गर्दीत उभ्या उभ्या तिनं मनाशी गाठ मारली, की होईल ते पोर शिकेल. मुलगी झाली. नाव ठेवलं विशाखा. सासूची जीभ काही त्या नावाला वळेना. ती आपली ‘इशाखा’ म्हणायची.

आता विशाखा चौथीत होती. संध्याकाळी ओट्यावर कंदील लागला की ती पुस्तक उघडून धडा वाचायची, आणि बिड्या वळणाऱ्या बाया हुंकार द्यायच्या. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, ही आपली जुनी रीत. वाक्य आलं की ‘हूं’. ‘हूं’ थांबला तर समजावं, एकतर ऐकणारा पेंगला, नाहीतर सांगणारा चुकला. विशाखा तर अशी घडाघडा वाचायची की बायांना ‘हूं’ म्हणायला दम मिळू नये. भीमाबाईची छाती फुलून यायची. बिडी वळता वळता ती हळूच इकडेतिकडे पाहायची, कोणी ऐकून राहिलं की नाही ते. आईच ती!

एकटी प्रयागबाई हुंकार देत नसे. “मले काय करायचं तुमच्या पुस्तकाचं,” म्हणून ती पाठ फिरवून बसायची. तिनं बाजारातून एक छोटंसं सूप आणून दाराजवळच्या खुंटीवर टांगून ठेवलं होतं. नातीसाठी. “पोरीच्या जातीले शेवटी हेच कामाचं हाय,” असं ती येताजाता त्या सुपाकडं पाहून म्हणायची.

दिवाळी होऊन गेली होती. थंडी पडायला लागली होती. त्या संध्याकाळी विशाखा नदीवरच्या नावाड्याचा धडा वाचत होती आणि कंदिलातलं रॉकेल संपलं. वात दोनदा फडफडली आणि गप्पकन विझली. अंधार असा, की डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये. आणि त्या अंधारात विशाखाचा आवाज, कुठंही न अडखळता:

“नावाड्याने वल्हे उचलले. नाव प्रवाहात घातली. पैलतीरावर माणसे वाट पाहत होती.”

“हूं,” सवयीनं शेजारची सिंधूताई म्हणाली. आणि मग तिचाच हात थांबला. “अवं माय! ह्या पोरीचे डोळे मांजरीचे हायेत का वं?”

बाया खो खो हसल्या. भीमाबाईही हसली. आणि हसता हसता तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. पोरगी अंधारात काय वाचून राहिली?

रॉकेल आणून कंदील लावला, तेव्हा विशाखा खाली मान घालून बसली होती. भीमाबाईनं जवळ पडलेला गुळाच्या पुडीचा कागद उचलला, मांडीवर घासून सरळ केला आणि लेकीसमोर धरला.

“हे वाच.”

विशाखानं कागदाकडं पाहिलं. ओठ हलले. डोळे भरले.

“माय, हे आम्हाले अजून शिकवलं नाही.”

आता बोला! गुळाच्या पुडीचा कागद शाळेत शिकवतात का?

“मांजर कायची, पोपट हाय पोपट!” प्रयागबाई कडाडली. “चार वर्सं शाळेत जाऊन राहिली, अन् आलं काय, तं पोपटपंची. काढ तिले शाळेतून, भीमे. खुंटीवरचं सूप दे तिच्या हाती.”

भीमाबाईनं लग्न झाल्यापासून सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.

“बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंत थांबा, आत्याबाई. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी इथंच, ह्याच ओट्यावर, कधी पाह्यला नाही असा कागद तिनं वाचून दाखवला नाही, तं ते सूप मी माह्या हातानं तिच्या मांडीवर ठेवीन.”

“सगळ्यायनं ऐकलं नं वं?” प्रयागबाईनं बायांकडं पाहिलं. “मंग झालं तं.”

दुसऱ्या दिवशी भीमाबाई शाळेत गेली. वर्गात पोरं दाटीवाटीनं बसलेली, आणि बाईंचा घसा बसलेला. “विशाखा?” बाई कौतुकानं म्हणाल्या. “अहो, वर्गात सगळ्यांत छान तीच वाचते!” तुमच्या वर्गातही एकदा कंदील विझायला पाहिजे होता, असं मनात म्हणत भीमाबाई परत फिरली.

घरी येऊन तिनं लेकीला जवळ घेतलं. रागावली नाही. केसातून हात फिरवत विचारलं, तेव्हा कळलं घोडं कुठं पेंड खात होतं ते. दुसरीत असताना विशाखाला मुदतीचा ताप आला होता. ती उठून शाळेत गेली तेव्हा वर्ग जोडाक्षरांपर्यंत पोचला होता.

“सगळे पोट्टे पुढं निघून गेले, माय. मी एकडाव विचारलं तं हसले. मंग मी ऐकूनच पाठ करायले लागली. मले एकडाव ऐकलं की राहते ध्यानात.”

“अवं पण मले तरी सांगाचं!”

“तू किती खुश व्हायची,” विशाखा म्हणाली. भीमाबाईनं लेकीचं डोकं छातीशी धरलं आणि दोघी थोडं रडल्या. रडून झाल्यावर चहा केला.

आता तुम्ही म्हणाल, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आईला अक्षर नाही, ती लेकीला वाचायला काय शिकवणार? पण भीमाबाईला बिडी येत होती. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा तिच्या बिड्या वाकड्या व्हायच्या. प्रयागबाईनं त्या फेकल्या नव्हत्या, आणि स्वतः नीटही करून दिल्या नव्हत्या. “उसव, अन् पुन्हा वळ,” एवढंच म्हणायची. भीमाबाई उसवायची, पुन्हा वळायची. असंच येतं काम हाताला.

“शब्द अडला की उसव,” भीमाबाईनं सांगितलं. “एकएक अक्षर वेगळं कर. मंग पुन्हा वळ.”

पुस्तक तर काही कामाचं नव्हतं. ते अख्खं पोरीच्या डोक्यात बसलेलं. म्हणून रुपरावच्या किराणा दुकानातून ज्या पुड्या येत, त्यांचे कागद वाचायचे ठरले. रुपराव रद्दीत मिळेल ते फाडून पुड्या बांधायचा, जुने पेपर, मासिकं, काय वाट्टेल ते. पुढचा कागद कसला येईल ते देवालाही ठाऊक नाही. पाठ करशील कशी?

आणि खरंखोटं कोण ठरवणार? तर हुंकार. भीमाबाईनं बायांना बजावून ठेवलं, की अर्थ लागला तरच ‘हूं’ म्हणायचं, पोरीची दया यायले लागली तं जीभ चावायची.

पहिल्या संध्याकाळी विशाखानं वाचलं, “धारन चे पानी सोड ले.”

ओटा मुका. बाया बिड्या वळत बसल्या. सिंधूताईचं तोंड उघडत होतं, तिला भीमाबाईनं डोळ्यानं दाबलं.

“उसव,” भीमाबाई म्हणाली.

विशाखानं बोट ठेवलं. ध. र. णा. चे. मग एकदम मान वर केली. “धरणाचे! माय, धरणाचे पाणी सोडले!”

“हूंऽऽऽ!” सगळ्या बायांनी असा एकदम हुंकार दिला, की ओट्याखाली झोपलेलं कुत्रं उठून चालतं झालं.

मग काय विचारता! कधी कांद्याचे भाव यायचे, कधी सिनेमाची जाहिरात, कधी सरकारी सूचना. त्या सूचनेला तर कोणीच हुंकार देईना. विशाखानं ती उसवली, वळली, पुन्हा उसवली, तरी ओटा मुका. शेवटी प्रयागबाई पाठमोरीच म्हणाली, “त्यात पोरीची चूक नाही. ते लिहिणाऱ्यालेच समजलं नसंल.” आपण ऐकत नाही म्हणणारी बुढी सगळं ऐकत होती, हे त्या दिवशी उघडं पडलं.

असा हिवाळा सरत आला आणि एक दिवस हिंगाच्या पुडीतून घोडा आला.

घोडा म्हणजे घोड्याचं शेपूट. कुठल्याशा मासिकाचं पान होतं, अर्धं फाटलेलं. त्यावर चित्र, चित्रात घोड्याचा मागचा भाग. पुढचा भाग रुपरावनं कुणाच्या कोणत्या पुडीला लावला होता कोण जाणे. पण गोष्ट मोठी मजेची होती. एक नवरदेव घोड्यावर बसून लग्नाला निघतो. घोडं उधळतं. वरात राहते मागे, नवरदेव जातो पुढं, आणि घोडं त्याला घेऊन भलत्याच गावात, भलत्याच मांडवात शिरतं. तिथली माणसं नवरदेवाची वाटच पाहत असतात. ती त्याला ओवाळून आत नेतात. अंतरपाट धरतात. नवरी मान वर करून पाहते, आणि—

आणि कागद फाटलेला!

“पुढं काय झालं वं?” सिंधूताई अर्धी उठली.

“पुढं नाही ना, मावशी. फाटलं.”

“असं कसं फाटलं? पाह्य ना मागच्या बाजूनं!”

मागच्या बाजूनं केसांच्या तेलाची जाहिरात होती. त्या संध्याकाळी ओट्यावर बिडी वळली गेली नाही म्हटलं तरी चालेल. वाचता कोणालाच येत नव्हतं, पण घोडा तर ओळखता येतो! ज्या कागदावर घोड्याचं तोंड, त्यावर उरलेली गोष्ट. मग गल्लीतली प्रत्येक बाई रुपरावच्या दुकानात. जिरं घे, मोहरी घे, हळद घे. सगळं चिमूट चिमूट, पण पुडीतच पाहिजे. सिंधूताईनं तर जिरं घेतलं, कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “भाऊ, जिरं राहू द्या, कागद बदलून द्या.”

“काय वं बायांनो,” रुपराव कपाळाला हात लावून म्हणाला, “मसाला खाऊन राहिल्या का कागद?”

घोड्याचं तोंड काही मिळेना, तेव्हा बाया आपापली गोष्ट जुळवायला लागल्या. सिंधूताईचं म्हणणं, नवरी म्हणते, “हाच पाहिजे मले!” दुसरी म्हणे, छे, नवरीला भोवळ येते. भांडण जुंपलं. भीमाबाईनं लेकीच्या हाती पाटी दिली. “लिही वं. ज्याचं त्याचं लिही, अन् उद्या वाचून दाखव. कोनाची गोष्ट बरी, ते पाहू.”

झालं, विशाखाला रोजचा उद्योग मिळाला. सिंधूताईची नवरी लिही, पूस, दुसरीची लिही. कधी अक्षर चुकलं की वाचताना तिलाच अडायचं, मग बोटानं पुसून नीट करायची. एके दिवशी तिनं विचारलं, “आजी, तुही नवरी काय करते?”

“नवरी का बोलत बसंल? चापट मारते एक,” प्रयागबाई तिकडं तोंड करून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विशाखानं पाटीवरून वाचलं. बाया हसून लोटपोट. पण प्रयागबाईनं हुंकार दिला नाही. “नुसती चापट नाही, सणसणीत चापट लिही,” एवढं म्हणाली. खुंटीवरचं सूप जिथल्या तिथं होतं. भीमाबाईचा जीव त्या सुपात अडकला होता. दिवस तर भराभर जात होते.

जयंतीची आदली संध्याकाळ आली. गल्लीत निळ्या पताका लागल्या होत्या, घरं चुन्यानं पांढरीशुभ्र झाली होती, पोट्टे लेझीम घुमवत होते. ओट्यावर बाया दाटीनं बसल्या. धोंडबा आज कामावरून सरळ येऊन पायरीवर बसला, अंगावरचा भुसाही न झटकता. आत भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोला हार घातलेला. भीमाबाईनं कंदील स्वच्छ पुसून, काठोकाठ रॉकेल भरून ठेवला होता. तिला सकाळपासून घास गेला नव्हता. पोरगी घाबरली तर? एखादं कठीण जोडाक्षर आडवं आलं तर?

“कागद मी आणला हाय,” प्रयागबाई म्हणाली आणि तिनं कनवटीला खोचलेली घडी काढली. हळदीनं पिवळी झालेली. घडी उलगडली आणि सिंधूताई किंचाळली.

“घोड्याचं तोंड! अवो माय, घोड्याचं तोंड सापडलं!”

खरंच, मांडवात डोकावणारं घोड्याचं तोंड. बुढी दुपारभर रुपरावच्या रद्दीच्या ढिगावर ठिय्या देऊन बसली होती, हे मागाहून रुपरावकडूनच कळलं. “हलतच नव्हती जी,” तो सांगायचा. “गिऱ्हाईक म्हणे, हे काय विकाले ठेवलं हाय?”

विशाखानं कागद कंदिलाजवळ धरला. बोट ठेवलं. सुरुवात केली.

“तिचे मामा ओरडले, हा कोण? तेवढ्यात खरा नवरदेवही दारात आला.”

“हूं!”

“मांडव एक आणि नवरदेव दोन. काठ्या निघाल्या.” इथं पुढचा शब्द अडला. भीमाबाईच्या हातातलं पान चुरगळलं. विशाखा पुटपुटली, उसवलं, वळलं. “वृ... वृद्ध. एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. म्हणाले, भांडता कशाला? नवरीलाच विचारा.”

“हूंऽऽ!” बाया पुढं सरकल्या. धोंडबासुद्धा पायरीवरून वर आला.

“नवरी उभी राहिली. ती म्हणाली, आधी त्या...”

प्रयागबाईनं हात लांबवला, कंदिलाची काच वर उचलली आणि फुंकर मारली.

अंधार.

आणि त्या अंधारात काही नाही. एक शब्द नाही. विशाखाचा आवाज जिथं तुटला तिथंच तुटला होता. लांबवर लेझीम वाजत होती, तेवढीच.

मग एकदम रडवेली चिडचिड उठली. “आजी! कंदील काहून विझवला वं? मले दिसून नाही राहिलं!”

“दिसून नाही राहिलं!” भीमाबाई ओरडली. “ऐकलं का वं? दिसून नाही राहिलं म्हणते माही पोरगी!” ती हसत होती, रडत होती, अंधारात टाळ्या पिटत होती. आयुष्यात तिला इतका आनंद कशाचाच झाला नव्हता. लेक थांबली होती! उजेड गेला म्हणून थांबली होती!

इकडं बायांनी प्रयागबाईच्या नावानं शिमगा मांडला. ऐन वक्ताला विझवते म्हणजे काय! नवरी उभी राहिली ना तिकडं!

“कालवा नका करू,” बुढीचा आवाज आला. “मले समजायचं होतं, ते समजलं. लाव गा धोंडबा कंदील.”

काडी ओढता ओढता धोंडबा बोलला. त्या आठवड्यातलं त्याचं पहिलंच वाक्य असावं ते. “पुढं काय झालं पोरी?”

उजेड झाला तेव्हा खुंटी रिकामी होती. छोटं सूप प्रयागबाईच्या मांडीवर होतं. तिनं ते पदरानं पुसलं आणि भीमाबाईपुढं सरकवलं.

“तो शेपटाचा कागद कुठं ठेवला वं, भीमे? टाक ह्याच्यात. सारे कागद ह्याच्यातच ठेवत जा. इकडेतिकडे उडतात.”

भीमाबाईनं आत जाऊन जपून ठेवलेले सगळे कागद आणले आणि सुपात ओतले. सगळ्यांत वर घोड्याचं शेपूट ठेवलं.

“हं, वाच वं इशाखा. नवरी कवाची उभी हाय.”

विशाखानं नाक पुसलं, जिथं राहिलं होतं तिथं नेमकं बोट ठेवलं आणि वाचलं:

“ती म्हणाली, आधी त्या घोड्याला पाणी दाखवा. नवरदेवांचे मग पाहू.”

आणि इतर कोणी तोंड उघडायच्या आत, कंदिलापलीकडून प्रयागबाई म्हणाली, “हूं.”